अंधाऱ्या आकाशाची जागा कशी उभी करावी : खगोलप्रेमी मंडळांसाठी मार्गदर्शक

मंडळाच्या बैठकीत ‘आपली स्वतःची अंधारी जागा असावी’ असा विषय निघाला, की चर्चा थोड्याच वेळात जमिनीच्या किमतीवर आणि वेधशाळेच्या घुमटावर येऊन ठेपते. आमचे मंडळ या सगळ्या प्रक्रियेतून गेले आहे. त्या काळात कोणी क्रमवार सांगणारे भेटले असते तर बराच गोंधळ टळला असता, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख लिहीत आहे. एक मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो : जमीन मंडळाच्या नावावर झाली म्हणून अंधार मंडळाचा होत नाही. भोवतालच्या लोकांची संमती, मंडळाची स्वतःची शिस्त आणि सभासदांचे नेमाने येणे या तीन गोष्टींवर तो टिकतो. पुढचे टप्पे त्यांना धरूनच रचले आहेत, आणि पैसा व बांधकाम हे विषय त्यात मुद्दाम उशिरा घेतले आहेत.

१. जागा कशासाठी हवी, ते आधी लिहून काढा

एकाच मंडळात अंधाराच्या गरजा वेगवेगळ्या असतात. मोठ्या डॉब्सोनियनमधून (साध्या बैठकीवर फिरणाऱ्या आरशाच्या दुर्बिणीतून) अंधुक दीर्घिका पाहणाऱ्याला आकाशाच्या गडदपणापुढे बाकी सगळे गौण वाटते. छायाचित्रण करणाऱ्याला वीज, वाऱ्यापासून आडोसा आणि रात्रभर कोणाचा धक्का लागणार नाही असा कोपरा लागतो. अरुंद पट्ट्याचे, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारे, फिल्टर वापरत असेल तर तो थोडा उजेडही चालवून घेतो. रूपविकारी, म्हणजे तेजस्विता कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्याला वारंवार जाता येणे महत्त्वाचे असते. शाळकरी मुलांना आणि नवख्यांना आकाश दाखवायचे असेल, तर धड रस्ता आणि स्वच्छतागृह नसलेली जागा कितीही अंधारी असली तरी उपयोगाची नाही.

यासाठी चार-पाच जणांची समिती नेमा. तिच्यात स्वतःची दुर्बीण नसलेला एक तरी सभासद असू द्या, आणि लहान मुलांना घेऊन येणारा एक तरी असू द्या, कारण अनुभवी निरीक्षकांना ज्या अडचणी अडचणीच वाटत नाहीत त्या याच लोकांना दिसतात. समितीने एका पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : जागेचा मुख्य उपयोग, सोसवेल असा प्रवासाचा वेळ, आणि ज्यांच्याशिवाय चालणारच नाही अशा सोयी. सभासदांना ‘किती लांब चालेल?’ असे मोघम विचारू नका, कारण उत्साहाच्या भरात सगळेच लांबचे अंतर कबूल करतात. ‘दोन तासांच्या अंतरावर जागा असेल तर वर्षातून किती वेळा याल, आणि एका तासावर असेल तर किती वेळा?’ असे विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. पुढे वाद झाला की हेच पान कामी येते.

२. अंधार मोजायची परिमाणे समजून घ्या

‘तिथे फार अंधार आहे’ या वर्णनावर निर्णय घेता येत नाही. हौशी निरीक्षकांमध्ये दोन परिमाणे रूढ आहेत. पहिले जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेले नऊ वर्गांचे परिमाण. त्यात पहिला वर्ग म्हणजे नितळ काळेभोर आकाश आणि नववा म्हणजे महानगराचा मध्यभाग. हा वर्ग डोळ्यांना काय दिसते त्यावरून ठरतो. दुसरे परिमाण स्काय क्वालिटी मीटर या हातात मावणाऱ्या उपकरणाने मिळते. ते आकाशाची दीप्ती ‘प्रत प्रति चौरस विकला’ या एककात सांगते (प्रत म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजायचे माप, आणि विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ताऱ्यांच्या प्रतीप्रमाणेच इथेही आकडा जितका मोठा तितके आकाश गडद, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट फरक. शहराच्या मध्यभागी हा आकडा १७ ते १८ च्या आसपास येतो, उपनगरी भागात १९ ते २०, चांगल्या ग्रामीण भागात २१ च्या पुढे, आणि मानवी उजेडाचा स्पर्शही नसलेल्या ठिकाणी २२ च्या जवळ.

अंतराचा हिशेबही करता येतो. मर्ल वॉकर यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार शहराच्या उजेडाचा आकाशावरचा परिणाम लोकसंख्येच्या सम प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने घटतो. म्हणजे अंतर दुप्पट केले की परिणाम साडेपाच पटींहून अधिक कमी होतो. दहा लाख वस्तीचे शहर ५० किलोमीटरवर असेल, तर त्या दिशेला ४५ अंश उंचीवर आकाशाच्या नैसर्गिक दीप्तीत निम्म्याहून अधिक भर पडते. तेच शहर १०० किलोमीटरवर असेल तर भर दहा टक्क्यांवर येते. हे सूत्र जुन्या काळच्या दिव्यांवर बेतलेले असल्यामुळे त्याच्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे, पण दोन जागांची तुलना करायला ते पुरेसे आहे.

इथे बहुतेक मंडळे गडदपणाच्या मागे लागतात आणि जाण्यायेण्याचा विचार मागे पडतो. माझे ठाम मत असे, की २१.२ आकडा देणारी आणि दर अमावस्येला भरणारी जागा ही २१.८ आकडा देणाऱ्या पण वर्षातून दोनदाच गाठता येणाऱ्या जागेपेक्षा मंडळासाठी श्रेष्ठ आहे. अति गडद जागा सहलींसाठी राखून ठेवा. रोजच्या वापराची जागा आणि वार्षिक शिबिराची जागा एकच असली पाहिजे, असा हट्ट धरू नका.

३. नकाशावर शोध घ्या, पण नकाशावर विसंबू नका

इंटरनेटवर प्रकाशप्रदूषणाचे रंगीत नकाशे मिळतात. त्यांपैकी बहुतेकांचा आधार २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहाची आणि त्याच्या पुढच्या मालिकेतील उपग्रहांची मोजमापे हा असतो; काही नकाशे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम आकाशदीप्तीच्या जागतिक ॲटलासवर बेतलेले असतात. मंडळाच्या केंद्रापासून ठरवलेल्या प्रवासवेळेचे वर्तुळ काढा आणि त्यातल्या गडद पट्ट्यांवर खुणा करा. सुरुवातीला आठ-दहा जागा निघाल्या तरी चालेल.

या नकाशांना दोन मर्यादा आहेत. हे उपग्रह स्थानिक वेळेनुसार मध्यरात्रीनंतर साधारण दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात, त्यामुळे संध्याकाळी झगमगणारी आणि बारा वाजता बंद होणारी मैदाने, दुकाने व जाहिरातफलक त्यांना दिसत नाहीत, आणि तुम्ही तर निरीक्षणाला नेमके संध्याकाळीच बसणार असता. दुसरे म्हणजे त्यांचे संवेदक ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश टिपत नाहीत, आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांचा निळा भाग नेमका तिथेच असतो. एखाद्या गावाने पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर नकाशावर ते गाव पूर्वीपेक्षा अंधारे झालेले दिसू शकते, तर प्रत्यक्षात त्याच्या वरचे आकाश अधिक उजळलेले असते.

शहर कोणत्या दिशेला आहे, हेही अंतराइतकेच महत्त्वाचे आहे. उत्तर गोलार्धात ग्रह आणि आकाशगंगेचा सर्वांत समृद्ध भाग दक्षिणेकडून सरकतो, म्हणून शहर जागेच्या उत्तरेला असलेले बरे. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. शहर आणि जागा यांच्या मध्ये टेकडी असेल तर थेट चमक अडते, पण वर पसरलेला उजेड अडत नाही, हे लक्षात ठेवा. खोलगट दरीत थंड हवा साचून धुके आणि दव अधिक पडते, अगदी माथ्यावर वारा दुर्बीण हलवतो; म्हणून उताराच्या मधला सपाट टप्पा बहुधा सोयीचा पडतो.

याच टप्प्यावर स्थानिक नियोजन कार्यालयात जाऊन पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विकास आराखडा पाहून या. महामार्ग, औद्योगिक वसाहत, खाण, विमानतळ, लाल दिवे लुकलुकणाऱ्या पवनचक्क्या यांपैकी काही नियोजित असेल तर ती जागा यादीतून खोडा. नागरिकांनी केलेल्या तारेमोजणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०११ ते २०२२ या काळात आकाशाची दीप्ती वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. या गतीने ती आठ वर्षांच्या आतच दुप्पट होते. आज मोजलेला अंधार तसाच राहील असे धरून चालणे धोक्याचे आहे, ते यामुळेच.

४. वर्षभर रात्री जाऊन मोजमापे घ्या

यादीतल्या तीन-चार जागा निवडा आणि निर्णयाची घाई न करता सगळ्या ऋतूंमध्ये तिथे रात्री जा. एकाच रात्रीचे मोजमाप फसवे असते. पावसाने धुतलेल्या हवेत जागा उत्तम भासते आणि धुरळ्याच्या महिन्यांत तिचे खरे रूप कळते. शेतीच्या हंगामात कुठे रात्रभर दिवे जळतात, तेही तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

सोबत ही साधने न्या :

– स्काय क्वालिटी मीटर, शक्यतो भिंगाचा, अरुंद कोनाचा
– तापमान व आर्द्रता दाखवणारा मापक
– होकायंत्र
– मंद लाल विजेरी
– तिपाई आणि रुंद कोनाच्या भिंगाचा कॅमेरा
– ताऱ्यांचा नकाशा
– कागदी वही आणि पेन्सिल, कारण थंडीत फोनची बॅटरी उतरते आणि पडद्याचा उजेड डोळे बिघडवतो

मीटरचे मोजमाप घ्यायची रीत अशी. चंद्र क्षितिजाखाली असावा आणि सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांहून खाली गेलेला असावा, म्हणजे खगोलीय संधिप्रकाश संपलेला असतो. गाडीतून काढलेला मीटर लगेच वापरू नका. बाहेरच्या तापमानाला यायला त्याला थोडा वेळ द्या. मग तो डोक्याच्या वर धरून बरोबर खमध्याकडे, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूकडे, रोखा आणि बटण दाबा. गडद आकाशाखाली आकडा उमटायला काही सेकंद लागतात, तोवर हात स्थिर ठेवा. पहिला आकडा सोडून द्या, पुढचे पाच लिहा आणि त्यांची सरासरी काढा. जुन्या, बिनभिंगाच्या मीटरचा कोन बराच रुंद असतो. जवळचे झाड किंवा छप्पर त्यात आले तर आकाश आहे त्यापेक्षा गडद असल्याचा आकडा येतो. उलट आकाशगंगेचा दाट पट्टा खमध्यावर असताना मोजले, तर तिच्याच उजेडामुळे आकडा काही दशांशांनी घसरतो. म्हणून दर वेळी वेळ, नक्षत्रस्थिती, तापमान, आर्द्रता आणि हवेचा नितळपणा यांची नोंद आकड्याशेजारीच करा. सौर चक्राच्या चढत्या काळात, म्हणजे सूर्याची सक्रियता वाढत असताना, वरच्या वातावरणाची नैसर्गिक दीप्तीही वाढते. त्यामुळे दोन जागांची तुलना करायची तर दोघींची मोजमापे शक्यतो एकाच रात्री घ्या, आणि निरीक्षकांच्या दोन तुकड्या करून दोन मीटर वापरणार असाल तर ते मीटर आधी एकमेकांशेजारी धरून पडताळा.

मीटर फक्त डोक्यावरचे आकाश सांगतो, क्षितिजाबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी चारही दिशांना उजेडाचे घुमट, म्हणजे दूरच्या गावांच्या वर क्षितिजाशी दिसणारी चमक, शोधा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. घुमट किती मुठी उंच आणि किती मुठी रुंद आहे ते होकायंत्राच्या दिशेसह लिहा, आणि कॅमेऱ्याचे छिद्र, संवेदनशीलता व वेळ दर खेपेला तीच ठेवून सभोवतीचे छायाचित्र घ्या. पुढे शेजाऱ्यांशी किंवा अधिकाऱ्यांशी बोलताना ही छायाचित्रे आकड्यांपेक्षा जास्त समजावून सांगतात.

डोळ्यांची साक्षही घ्या. पूर्ण अंधारात किमान अर्धा तास काढल्यावर त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी, किंचित बाजूला नजर ठेवून, सहज जाणवली तर जागा बॉर्टलच्या तिसऱ्या वर्गाच्या आसपास आहे; थेट नजरेला दिसली तर त्याहून चांगली. मला सर्वांत विश्वासाची वाटते ती ढगांची खूण. शहराच्या परिसरात रात्रीचा ढग करड्या किंवा नारिंगी उजेडाने भरलेला दिसतो, कारण खालचे दिवे त्याला उजळवतात. खरोखर अंधाऱ्या जागी मात्र ढग आकाशापेक्षा काळा असतो. तो येतो तेव्हा ढग आला असे वाटतच नाही. ताऱ्यांच्या दाटीत एक रिकामे भोक सरकत चालल्यासारखे दिसते, आणि त्याच्या कडेने तारे एकेक करून विझत जातात. एखादी ढगाळ रात्र निरीक्षणाला वाया गेली तरी जागेची पारख करायला फार उपयोगी पडते, म्हणून ढग आले की लगेच परत फिरू नका.

५. दिवसाउजेडी पाहणी करा

रात्री आवडलेली जागा दिवसा पुन्हा पाहा. शेवटच्या टप्प्यातला रस्ता ओला झाल्यावर साधी गाडी बाहेर निघते का, पाणी कुठे साचते, साप-विंचवांचा आणि मोठ्या प्राण्यांचा वावर कितपत आहे, फोनला संदेशवहन मिळते का आणि जवळचे रुग्णालय किती वेळात गाठता येते, हे तपासा. गाड्या उभ्या करायची जागा निरीक्षणाच्या मैदानापासून वेगळी आणि शक्यतो खालच्या अंगाला हवी, म्हणजे वळणाऱ्या गाडीचे हेडलाइट मैदानावरून फिरणार नाहीत.

६. वापराचा हक्क लेखी मिळवा

जमीन विकत घेणे हा अनेक मार्गांपैकी एक आहे, आणि पहिल्या जागेसाठी तो क्वचितच योग्य ठरतो. खासगी मालकाची लेखी परवानगी, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, एखाद्या शिक्षणसंस्थेशी किंवा संरक्षित उद्यानाच्या व्यवस्थापनाशी सामंजस्य करार, असे पर्याय आधी तपासा. दोन-तीन वर्षे परवानगीवर वापर करून पाहिल्यावरच जागा सभासदांना मानवते की नाही ते कळते.

सर्वांत मोठा धोका तोंडी शब्दाचा आहे. जमीनमालक खगोलप्रेमी असतो, ‘केव्हाही या’ म्हणतो, मंडळ तिथे पाया भरते, आणि काही वर्षांनी जमीन पुढच्या पिढीकडे किंवा नव्या मालकाकडे गेली की कागदावर काहीच नसते. म्हणून मैत्री कितीही जुनी असली तरी करार करा, आणि त्यात या बाबी स्पष्ट लिहा : मुदत आणि नूतनीकरणाची अट, कोणत्या रात्री आणि किती लोक येऊ शकतात, आधी किती दिवस कळवायचे, फाटकाची किल्ली कोणाकडे, काय बांधता येईल आणि करार संपल्यावर ते कोणी काढायचे, अपघाताची जबाबदारी कोणाची, करार मोडायचा झाल्यास किती महिन्यांची पूर्वसूचना, आणि मालकाने स्वतःच्या हद्दीत नवे दिवे लावताना कोणती पथ्ये पाळायची. हे शेवटचे कलम अनेक करारांत राहून जाते. बांधकामावर खर्च करणार असाल तर कराराची मुदत तो खर्च वसूल होण्याइतकी तरी असावी.

यासाठी सर्वसाधारणपणे ही कागदपत्रे लागतात :

– मंडळाचे नोंदणीपत्र, घटना आणि कार्यकारिणीचा ठराव
– सही करणाऱ्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे आणि अधिकारपत्र
– जमिनीच्या मालकीहक्काची कागदपत्रे आणि हद्दीचा नकाशा
– रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर त्याची वहिवाटीची परवानगी
– सार्वजनिक दायित्वाचा विमा
– रात्रीच्या वावरासाठी स्थानिक प्रशासनाची किंवा वनविभागाची परवानगी, जिथे लागू असेल तिथे
– मोजमापांचा अहवाल, छायाचित्रांसह

मंडळ नोंदणीकृत नसेल तर आधी नोंदणी करा. एका सभासदाच्या वैयक्तिक नावावर करार केला, की तो सभासद दुसरीकडे राहायला गेल्यावर सगळेच अडते.

७. शेजाऱ्यांशी बोला, आणि ते बांधकामाच्या आधी बोला

दूरच्या शहराचा उजेड हळूहळू वाढतो. जवळच्या एका फ्लडलाइटने मात्र एका रात्रीत जागा हातची जाते. म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. ‘दिवे बंद करा’ अशी मागणी घेऊन कोणाच्याही दारात जाऊ नका. लोकांनी दिवे लावलेले असतात ते चोराच्या, जनावरांच्या किंवा अडखळून पडण्याच्या भीतीने, आणि ती भीती खरी असते. त्यांच्या अंगणात उभे राहून हा दिवा कशासाठी आहे, ते आधी विचारा.

एक नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. गोदामाच्या भिंतीवर फ्लडलाइट आडवा, समोर तोंड करून लावलेला असतो. त्याचा बराच उजेड अंगणावरून पुढे निघून जातो. क्षितिजाच्या किंचित वर जाणारे किरण हवेतून सर्वांत लांबचा प्रवास करतात, त्यामुळे आकाश उजळण्यात त्यांचाच वाटा मोठा असतो. अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्याही डोळ्यांत तो दिवा खुपतो, आणि त्याच्या मागच्या सावलीत कोण उभे आहे ते दिसत नाही. त्याच दिव्याचा बोल्ट सैल करून तोंड सरळ जमिनीकडे वळवले आणि वर एक टोपी बसवली, की कमी वॅटच्या दिव्यातही अंगण अधिक स्वच्छ दिसते. हे बोलून पटत नाही, करून दाखवले की पटते. शिडी, पाना आणि टोपी सोबत घेऊन जा, मालकाची परवानगी घेऊन एक दिवा वळवा, आणि त्या रात्री त्यालाच अंगणात चालून बघायला सांगा. टोपीचा आणि नव्या दिव्याचा खर्च मंडळाने उचलावा.

डार्कस्काय इंटरनॅशनल ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था आणि प्रकाशयोजनेच्या अभियंत्यांची संघटना यांनी मिळून पाच तत्त्वे सांगितली आहेत, आणि शेजाऱ्यांना सांगायला तीच सोपी पडतात : दिवा गरज असेल तिथेच असावा, त्याचा उजेड हव्या त्या जागीच पडावा, तो गरजेपेक्षा प्रखर नसावा, टायमर किंवा हालचाल टिपणारा सेन्सर लावून तो लागेल तेव्हाच पेटावा, आणि त्याचा रंग उबदार पिवळसर असावा. रंगाचा आग्रह निव्वळ आवडीचा नाही. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात, त्यामुळे निळा अंश जास्त असलेला थंड पांढरा दिवा आकाशात अधिक पसरतो. दिवा घेताना खोक्यावरचा केल्विनचा, म्हणजे उजेडाची रंगछटा सांगणारा, आकडा पाहा. तो ३००० च्या वर नसावा, २२०० च्या आसपास मिळाला तर उत्तम.

शेजाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना दुर्बिणीजवळ बोलवा, आणि हे पहिल्याच हंगामात करा. लडाखमधील हानले येथे २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले, तेव्हा आसपासच्या गावांतील रहिवाशांनाच दुर्बिणी देऊन, प्रशिक्षण देऊन आकाश दाखवणारे मार्गदर्शक बनवण्यात आले. अंधारामुळे गावाचा काही फायदा होतो हे गावाला दिसले, की अंधाराची राखण गावच करते. मंडळाच्या लहानशा जागेलाही हे लागू आहे : मुक्कामाची, जेवणाची आणि राखणदारीची कामे शक्यतो जवळच्याच लोकांना द्या.

८. मंडळाचे स्वतःचे नियम ठरवा

बाहेरच्यांना शिकवण्याआधी स्वतःची शिस्त हवी. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा ते पाऊण तास लागतो आणि एका हेडलाइटने ते सगळे क्षणात पुसले जाते. नियम थोडे ठेवा, पण फाटकावर ठळक लिहून लावा. सूर्यास्ताआधी पोहोचावे. रात्री मध्येच निघणाऱ्याने गाडी आधीच बाहेरच्या दिशेला तोंड करून, कडेला लावावी आणि निघताना सगळ्यांना ओरडून सांगावे. दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा आधीच बंद करून ठेवावा. विजेरी लाल आणि मंद असावी. झगझगीत लाल विजेरीही डोळे बिघडवते, हे नवख्यांना मुद्दाम सांगा. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल पापुद्रा लावूनही त्याचे तोंड मैदानाकडे करू नये. हिरवा लेझर एकाच जबाबदार माणसाच्या हाती असावा आणि विमान दिसत असताना तो वापरू नये. अनेक देशांत विमानाकडे लेझर रोखणे हा गंभीर गुन्हा आहे.

छायाचित्रण करणारे आणि डोळ्यांनी पाहणारे यांना मैदानाची दोन टोके द्या. त्यांचे वाद बहुतेक वेळा पडद्यांच्या उजेडावरून होतात, आणि अंतर ठेवले की ते सुरूच होत नाहीत.

९. बांधकाम सर्वांत शेवटी, आणि थोडेच

पहिल्या वर्षी समतल जमीन, स्वच्छतागृह आणि कुलुपाची पेटी एवढे पुरे. मैदानभर काँक्रीट ओतू नका. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते आणि दुर्बिणीतली प्रतिमा थरथरते. तिपाईच्या पायांपुरत्या लहान फरश्या आणि बाकी गवत किंवा बारीक खडी ठेवा. वीज आणायचीच तर खांबावरच्या दिव्याशिवाय आणा. जोडणी देताना तो दिवाही बसवून दिला जातो, म्हणून अर्जातच नको असे लिहा. घुमटाची वेधशाळा दोन-तीन वर्षांच्या नियमित वापरानंतर, ती चालवणारी माणसे ठरल्यावरच बांधावी.

१०. अधिकृत मान्यतेचा विचार

डार्कस्काय इंटरनॅशनल उद्याने, राखीव क्षेत्रे, अभयारण्ये, वस्त्या अशा वेगवेगळ्या प्रकारांत मान्यता देते. २००१ साली अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ हे पहिले मान्यताप्राप्त शहर ठरले, २००७ साली अमेरिकेतीलच नॅचरल ब्रिजेस हे पहिले उद्यान आणि त्याच वर्षी कॅनडातील मों-मेगांतिक हे पहिले राखीव क्षेत्र. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला मिळालेली उद्यानाची मान्यता ही भारतातली पहिली.

अर्जासाठी आकाशाची मोजमापे, जागेवरील प्रत्येक दिव्याची यादी, दिव्यांचे धोरण, लोकांसाठी केलेल्या कार्यक्रमांचा तपशील हे सगळे लागते, आणि मान्यता मिळाल्यावर दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. मंडळाच्या एकट्या लहान जागेला हा व्याप झेपेलच असे नाही. शेजारी एखादे उद्यान किंवा अभयारण्य असेल, तर त्याच्या व्यवस्थापनाने अर्ज करावा आणि मोजमापे व आकाशदर्शनाचे काम मंडळाने उचलावे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. मान्यता घ्या अथवा न घ्या, दिव्यांची यादी मात्र कराच : प्रत्येक दिव्याचे छायाचित्र, वॅट, केल्विन, टोपी आहे की नाही, तो कशासाठी आहे आणि तो बदलायचा झाल्यास कोणाशी बोलायचे, असे एका तक्त्यात भरा.

११. दरवर्षीची कामे

जागा सुरू झाल्यावर एक जण मोजमापांसाठी आणि एक जण शेजाऱ्यांशी संपर्कासाठी नेमा. ही दोन कामे एकाच माणसाकडे दिली तर एक मागे पडते. त्याच जागी, त्याच महिन्यांत, त्याच मीटरने आकडे घ्या आणि दिव्यांचा तक्ता वर्षातून एकदा प्रत्यक्ष फिरून ताजा करा. मीटरची काच धुळीने माखली तर आकाश गडद झाल्याचा भास होतो, म्हणून मोजण्याआधी ती पुसा. विकास आराखड्यात बदल सुचवले जातात तेव्हा हरकती नोंदवायची मुदत थोडी असते. ती तारीख संपर्क सांभाळणाऱ्याच्या वहीत आधीच लिहिलेली असावी, आणि हरकतीसोबत जोडायला मोजमापांचा अहवाल तयार असावा.